मदत हवी आहे : वर्गातल्या सामायिक पेन्सिली, खोडरबर टिकवायचे कसे?

नमस्कार. जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे, पट २६. पाठ्यपुस्तकं ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून मोफत मिळतात, पण पेन्सिल, खोडरबर, टोकयंत्र पालकांनीच आणायचं असतं. काही पालक ऊसतोडीला जातात, मुलं आजीकडे राहतात. त्या मुलांकडे बरेचदा पेन्सिलीचा तुकडाही नसतो. म्हणून वर्गासाठी सामायिक डबा सुरू केला.

पेन्सिली आठवड्यात निम्म्या होतात. खोडरबर तर दोन दिवसांत दिसेनासे. मुलं मुद्दाम नेतात असं मला वाटत नाही, दप्तर भरताना हाताला येईल ते आत जातं. पेन्सिलींवर नावं घातली, तर ज्यांच्या नावाची नव्हती ती मुलं हिरमुसली. ते बंद केलं. मॉनिटरकडे मोजणी दिली, तर तो दप्तरं तपासायला लागला आणि भांडणं झाली. सध्या पाच जणांच्या गटाला एक डबा आहे. गळती कमी झाली, पण टोकयंत्रासाठी सगळे एकाच वेळी उठतात आणि दुसरीचं गणित तिथेच थांबतं.

पालकांकडून वर्गणी काढायची नाही. दंड नको, सगळ्यांसमोर झडती तर नकोच. कुलपाचं कपाट नाही. शाळा सुटताना माझ्या हातात जेमतेम पाच मिनिटं असतात, कारण लांबच्या वस्तीवरची मुलं एकत्र निघतात.

जोडवर्ग शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा : सहा-सात वर्षांची मुलं स्वतः करू शकतील अशी परत ठेवण्याची कोणती पद्धत तुमच्याकडे वर्षभर टिकली? आणि पेन्सिलींना टोक नेमकं कधी, कोण काढतं?