टर्बो गाडीला इनटेक: सायनच्या सिग्नलला गार हवा कुठली?

वाकडीवाट (मुलुंड):
परवा इथे एकाने लिहिलं, "आरएस घेतलीत ना? मग पहिला खर्च कोल्ड एअर इनटेकचा. 15 पीएस सरळ वाढतात." (इनटेक म्हणजे इंजिनला हवा देणारा फिल्टर आणि पाइप, पीएस म्हणजे अश्वशक्ती.) तीन नवीन पोरं खाली "कुठे मिळेल, कितीला पडेल" विचारत बसलीत, म्हणून लिहितोय.

माझ्याकडे स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस 230 आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून उघडा पॉड (डब्याविना नुसता फिल्टर) आणला, कंपनीचा फिल्टरचा डबा काढून माळ्यावर टाकला. मे महिन्यात थर्मामीटरची वायर फिल्टरच्या तोंडाशी चिकटपट्टीने बांधली आणि डिस्प्ले डॅशबोर्डवर ठेवला. ईस्टर्न एक्स्प्रेसवर 80 च्या वेगाला बाहेर 34 अंश, फिल्टरशी 38. खूश झालो. सायनच्या सिग्नलला चार मिनिटं अडकलो आणि आकडा 61 वर गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच रस्त्याने, कंपनीचा डबा लावून गेलो: सिग्नलला 43. कारण तो डबा ग्रिलमागून, पुढची हवा घेतो, आणि पॉड बोनेटखाली इंजिनचीच वाफ ओढतो. हवा 3 अंशांनी तापली की घनता साधारण 1 टक्क्याने घटते. 18 अंशांचा हिशोब ज्याचा त्याने करावा. मुंबईत आपण सिग्नलला जास्त असतो की 80 ला?

लाल_पोलो (ठाणे):
ती पोस्ट माझीच. 15 पीएस म्हणालो ते रिमॅपसकट (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून), हे लिहायचं राहिलं, मान्य. पण तुम्ही पॉडचं पाप इनटेकच्या माथी मारताय. माझा बंद डब्याचा आहे, तोंड ग्रिलमागेच. ओबीडीवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचतो तिथे) आयएटी, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, आधी जेवढं होतं तेवढंच. आणि सिग्नलला उभ्या गाडीला पॉवर हवीय कशाला? सिग्नल सुटल्यावर अर्ध्या मिनिटात हवा खेळते.

वाकडीवाट:
तुमच्या गाडीत आयएटी सेन्सर इंटरकूलरनंतर (टर्बोने दाबून तापलेली हवा गार करतो तो), मॅनिफोल्डवर असतो. टर्बोच्या तोंडाशी काय तापमान आहे ते त्याला कळणारच नाही. ओबीडीचा तो आकडा पुरावा म्हणून देऊ नका.

लाल_पोलो:
म्हणजे इंटरकूलर तुमचे 61 अंशही बरेचसे उतरवतो, असंच ना? मग तुमचाही थर्मामीटर पुरावा नाही.

वाकडीवाट:
बरेचसे उतरवतो, हे घेतो. फुकटात नाही उतरवत, टर्बोला जास्त राबावं लागतं. आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरलेल्या टॉर्कपुरताच बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, देते. स्टॉक मॅपवर, म्हणजे रिमॅप न करता, डबा बदलून ती जादा काय देणार?

समुद्राकाठी:
तुम्ही अंश मोजत बसा. आम्ही ब्रीच कँडीला राहतो. कोस्टल रोड रात्रीही खुला झाल्यापासून दीड-दोनला या गाड्यांनी झोपेतून उठवलंय. आई 78 वर्षांची आहे, दचकून उठून बसते. यावर एक ओळ लिहावीशी वाटत नाही कुणाला?

लाल_पोलो:
काकू, तो आवाज एक्झॉस्टचा. इनटेकचा आवाज जास्त करून आत बसलेल्यालाच ऐकू येतो, बाहेर फारसा नाही.

समुद्राकाठी:
आईला हा फरक सांगून बघते.

दादरकर_निळी:
आकडे राहू द्या, पाण्याचं बोला. माझा इनटेक "खरा" कोल्ड एअर होता, पाइप खाली फॉगलॅम्पमागे नेलेला. तिथली हवा गार, ठीक. 29 ऑगस्ट 2017, परळहून निघालो, हिंदमाताला निम्म्या टायरपर्यंत पाणी. दर पावसात तिथून जातो, घाबरलो नाही. शेजारून बस गेली, तिची लाट बोनेटवर आली. धप्प आवाज होऊन इंजिन बंद. मी दोनदा सेल्फ मारला. गॅरेजवाल्याने पिस्टनचा रॉड माझ्या हातात दिला, मधोमध वाकलेला. विम्याच्या सर्व्हेअरचा पहिला प्रश्न: "कंपनीचा एअरबॉक्स कुठाय?" क्लेम गेला. 2 लाख 40 हजार खिशातून.

कुर्ला_गॅरेज:
साहेब, वाईट वाटलं. पण सगळं इनटेकवर ढकलू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, पुढे महिनाभर आमच्या दारात टो करून आणलेल्या गाड्यांची रांग होती. त्यातल्या एकीलाही बाहेरचा इनटेक नव्हता. बहुतेकांचं इंजिन गेलं ते पाणी उतरल्यावर सेल्फ मारल्यामुळे. पाण्यात बंद पडली की चावीला हात लावायचा नाही. आधी प्लग काढा, क्रँक हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या.

दादरकर_निळी:
मला शिकवू नका. इंजिन सेल्फच्या आधी बंद पडलं होतं. पाणी आत गेलं म्हणूनच पडलं, आणि पाइप वर असता तर ते गेलं नसतं.

कुर्ला_गॅरेज:
चालत्या इंजिनात पाणी शिरलं तर रॉड तिथल्या तिथे वाकतो, तुमचा बहुधा तेव्हाच गेला. एवढं मागे घेतो. फॉगलॅम्पमागे पाइप मी कधीच बसवत नाही, गिऱ्हाईक भांडून गेलं तरी.

लाल_पोलो:
इंजिन प्रोटेक्शन अ‍ॅड-ऑन घ्या, विषय संपला.

दादरकर_निळी:
घेतलं होतं! तेच तर सांगतोय. बदल कळवला नव्हता, तिथे अडकवलं. साध्या पॉलिसीत तर पाणी ओढून झालेलं इंजिनचं नुकसान येतच नाही. आणि पैसे मिळाले असते तरी दोन महिने गाडी उघडी पडून होती. मुलीला शाळेत सोडायला रोज रिक्षा. "विषय संपला" म्हणू नका.

लाल_पोलो:
बरं. शब्द चुकला.

कुर्ला_गॅरेज:
आणखी एक. तेल लावलेला कॉटन फिल्टर लोक धुतात आणि वर तेल ओततात. ज्या गाडीत एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) आहे तिथे ते तेल सेन्सरच्या तारेवर बसतं, हवेचं माप चुकतं आणि गाडी झटके देते. मग माझ्याकडे येऊन "ट्यून खराब आहे" म्हणतात. कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदला. आपल्या धुळीत बऱ्याच जणांची "गेलेली पॉवर" तिथेच सापडते.

लाल_पोलो:
माझा कोरडा फिल्टर आहे. पण हिंदमाताचं वाचून काल रात्री बोनेट उघडून पाहिलं. माझ्या डब्याला खाली भोक आहे, निचऱ्यासाठी म्हणून दिलेलं, आणि त्याचं बूच गायब. मेअखेर कंपनीचा डबा परत चढवतोय, ऑक्टोबरात हा पुन्हा लावणार. टर्बोचा तो श्वास ऐकल्याशिवाय मला गाडी चालवल्यासारखं वाटत नाही. वाकडीवाट, हे तुम्हाला पटणार नाही.

वाकडीवाट:
आवाजासाठी लावतोय म्हणालात तर माझं काही म्हणणं नाही. त्या तीन पोरांना तेवढं सांगा. आणि डबा चढवताना ग्रिलकडच्या नळीचं रबर पाहून घ्या. माझं काढतानाच फाटलं होतं, आणि तिथे फट राहिली की कंपनीचा डबाही बोनेटखालची हवा ओढतो.