त्रिनिदादचे भग्नावशेष पाहून भारावून का जावं?

रानवाट:
पॅराग्वेत एन्कार्नासिओनजवळचं त्रिनिदाद पाहून आलो. जेसुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी तिथल्या मूळच्या ग्वारानी लोकांसाठी १७०६ मध्ये वसवलेलं मिशन, म्हणजे धर्मप्रसाराची वसाहत. लाल वालुकाश्माच्या भिंती, बिनछपराचं चर्च, मधोमध भलंमोठं पटांगण. जागा देखणी आहे, त्यात वाद नाही. पण तिथून येणारा जो तो 'जंगलातलं रामराज्य' पाहिल्याच्या थाटात बोलतो, ते खटकतं. उठणं, प्रार्थना, शेतावर जाणं, सगळं घंटेच्या ठोक्यावर. चुकलं की फटके. विधवा आणि अनाथ मुली 'कोतिग्वासू' नावाच्या वेगळ्या वाड्यात, येण्याजाण्यावर नजर. याला आश्रय म्हणायचं की कोंडवाडा?

तांबडफुटी:
साफ असहमत. कोंडवाडा म्हणताना बाहेर काय चाललं होतं तेही बघा की! एकीकडे स्पॅनिश जमीनदारांची वेठबिगारी, दुसरीकडे साओ पावलोहून येणाऱ्या बांदेइरांतेंच्या टोळ्या. माणसं धरून न्यायची आणि विकायची, हा त्यांचा धंदा. १६४१ मध्ये म्बोरोरेच्या लढाईत जेसुइटांच्या आधीच्या मिशनांतल्या ग्वारानींनी बंदुका हाती घेऊन त्यांना पिटाळलं. मिशनमध्ये पाद्री सहसा दोघंच, वस्ती हजारोंची. रोजचा कारभार ग्वारानी मुखियाच बघत. नुसत्या फटक्यांवर हे दीडशे वर्षं चाललं असतं?

चुकलेला फाटा:
तुमचं चालू द्या. जाणाऱ्यांनी भर दुपार टाळा एवढंच सांगतो, चर्चला छप्पर नाही.

रानवाट:
@तांबडफुटी, पाद्री दोघंच होते म्हणून सत्ता नव्हती? आपल्याकडे इंग्रज तरी असे किती होते! आणि एकत्र दाटीने वसवल्याची किंमत कुणी मोजली? १७३२ मध्ये जेसुइटांच्या तिथल्या तीस मिशनांत मिळून १ लाख ४० हजारांवर लोक होते. पुढच्या आठेक वर्षांत साथी आणि दुष्काळाने आकडा जवळपास निम्म्यावर आला.

खडूफळा:
धागाकर्त्यांनी चर्चमधला देवदूतांचा कोरीव पट्टा नीट पाहिला का? कुणी हार्प वाजवतोय, कुणी ऑर्गन, आणि त्याच रांगेत एकाच्या हातात माराका, म्हणजे चक्क खुळखुळा. तो काही युरोपातून जहाजाने आलेला नाही. मला ते शिल्प बघताना पाद्री आठवतच नाहीत, छिन्नी धरणारे ग्वारानी कारागीर आठवतात. तुमच्या 'कोंडवाड्या'त हे कुठे बसवायचं?

आणि १७५० चा माद्रिद करार विसरू नका. उरुग्वे नदीच्या पूर्वेची सात मिशनं स्पेनने पोर्तुगालला देऊन टाकली, रहिवाशांना म्हणे गाशा गुंडाळा. ते हटले नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये त्यांचा पुढारी सेपे तिआराजू मारला गेला, पाठोपाठ काइबोआतेच्या लढाईत शेकड्यांनी ग्वारानी पडले. कोंडवाडा वाचवायला कुणी जीव देतं का?

रानवाट:
माराकाचा मुद्दा मान्य, तो पट्टा खरंच अप्रतिम आहे. पण लढाईचं श्रेय मिशनला देऊ नका. जेसुइटांचे वरिष्ठ तेव्हा जागा सोडा म्हणून सांगत होते! ग्वारानी लढले ते स्वतःच्या घरांसाठी, शेतांसाठी.

तांबडफुटी:
अहो, ती जागा सोडवेना इतकी त्यांना आपली वाटली, हेच तर मी मघापासून सांगतेय.

रानवाट:
वाटायचं काय त्यात? जमीन पाद्री यायच्या आधीपासून त्यांचीच होती.