उपवासकाळात कादंबरी चालेल का? (आपल्या घरच्या ग्रुपवरून)

धाकटा: एक विचारू? ईस्टरआधीच्या या उपवासकाळात रोज वीस मिनिटं आध्यात्मिक वाचन करायचं ठरवलंय. पण संतचरित्र हातात घेतलं की तिसऱ्या पानावर पेंगतो. त्याऐवजी कादंबरी चालेल का? हसू नका.

मामा: चालेल की. मग रोजरीच्या जपमाळेऐवजी मॅचही चालेल 😄

मावशी: मामाकडे लक्ष देऊ नकोस. चालेल. फक्त पहिल्या पानावर पापी आणि शेवटच्या पानावर पावन, असली गुळचट गोष्ट घेऊ नकोस. इंग्रज लेखक ग्रॅहम ग्रीनची कादंबरी ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ घे. १९४० सालची. माझ्याकडे आहे, शिवण उसवलीय, जपून हाताळ.

मामा: तीच ना, दारुड्या फादरची? त्याला एक मुलगीसुद्धा आहे ना? वा! उपवासकाळाला अगदी साजेसं.

मावशी: हो, तीच. १९३०च्या दशकातलं मेक्सिको. एका राज्यात मिस्सा, म्हणजे भाकर-वाइनची आपली मुख्य उपासना, म्हणणं गुन्हा, फादर सापडला की गोळी. हा एकटा लपतछपत फिरतोय आणि तोही धड नाही. मिस्सेला वाइन हवी, पण तिथे तीही चोरूनच मिळते. खटपट करून एक बाटली मिळवतो, सोबत ब्रँडीची एक. पण ज्याच्याकडून मिळवली तोच म्हणतो, बसू या जरा. हा ब्रँडी पुढे करतो, त्याला वाइनच हवी. नाही म्हणावं तर संशय येणार. मग आणखी एक अंमलदार येऊन बसतो. गप्पा मारत मारत ते वाइनची बाटली रिकामी करतात आणि याच्या डोळ्यांतून पाणी. का रडतोस विचारलं, तर दारूवर ढकलतो.

मिस्सेत प्याला वर उचलताना मी लहानपणापासून पाहत आलेय. ते पान वाचल्यावरच्या रविवारी पहिल्यांदा नीट पाहिला.

ताई: मला त्यातला तुरुंग विसरता येत नाही. अंधार, माणसांत पाय ठेवायला जागा नाही, घाण वास. त्यात एक बाई, घरात धार्मिक पुस्तकं सापडली म्हणून आत आलेली. ती बाकीच्यांच्या नावाने बोटं मोडत बसलीय, आपण यांच्यातले नाही म्हणून. फादर तिथे सगळ्यांना सांगून टाकतो की मी फादर आहे. त्याला धरून देणाऱ्याला बक्षीस आहे. तरी त्या चोर-दरोडेखोरांतलं कुणी तोंड उघडत नाही.

मामा: मग हेही सांगा ना, की याच पुस्तकावर व्हॅटिकनने आक्षेप घेतला होता.

मावशी: घेतला होता, १९५३ मध्ये. शिकवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या होली ऑफिसने बदल सुचवले, ग्रीनने केले नाहीत. पुढे १९६५ मध्ये पोप सहावे पॉल त्यांना भेटले. आपण पुस्तक वाचल्याचं त्यांनी सांगितलं. तुमच्या लिखाणातलं काही ना काही काही कॅथलिकांना खुपणारच, तिकडे लक्ष देऊ नका, असंही म्हणाले. त्या ‘काही कॅथलिकां’त तू बस, मामा.

मामा: 😐

ताई: आणि पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यावर अख्खं पत्र लिहिलंय. आधी ते फादर होणाऱ्यांसाठी लिहायचं होतं, मग सगळ्यांसाठीच केलं. त्यात ते स्वतःच्या मास्तरकीची गोष्ट सांगतात. १९६४-६५ मध्ये अर्जेंटिनात सांता फे इथल्या जेझुइट फादरांच्या शाळेत त्यांना जुनं स्पॅनिश काव्य शिकवायचं होतं, पोरांना हवा होता लोर्का, विसाव्या शतकातला कवी. मग त्यांनी जुनं काव्य घरी वाचायला लावलं आणि वर्गात पोरांना आवडेल ते घेतलं.

आजी (ताईच्या फोनवरून): जेझुइट संघ काढणाऱ्या संत इग्नेशियसचं विसरलात सगळे. पाय मोडून पडले होते तेव्हा त्यांनी सरदारांच्या शौर्यकथाच मागितल्या होत्या. घरात नव्हत्या म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतकथा मिळाल्या. कादंबरी मिळाली असती तर संत झाले असते का?

मामा: आजी 👏👏

मावशी: आई, गोष्टीचा उत्तरार्धही सांग ना. तिथे पडल्या पडल्या ते दोन्ही प्रकारची स्वप्नं रंगवायचे, शौर्याची आणि संतांची. रंगवताना दोन्ही गोड लागायची. पण शौर्याचं स्वप्न संपलं की मन कोरडं पडायचं, संतांचं संपल्यावर समाधान टिकून राहायचं. हा फरक त्यांनी हेरला. मी कादंबरीला हीच कसोटी लावते, पुस्तक मिटल्यावर काय उरतं. आणि खरं सांगू, कितीतरी भाविक पुस्तकं यात नापास होतात.

मामाचं एक मात्र मान्य. पुढे काय होतंय म्हणून रात्रभर पानं उलटलीस तर ती मॅचच झाली. दहा पानं वाचायची, थांबायचं, तेवढ्यावर प्रार्थना करायची.

धाकटा: आणि ‘सायलेन्स’? मित्र म्हणत होता.

ताई: जपानी लेखक शूसाकु एंदोची कादंबरी, १९६६. सतराव्या शतकातलं जपान, ख्रिस्ती लोकांचा छळ. येशूच्या चित्रावर पाय दे, नाहीतर लोकांचे हाल बघ. ते पुस्तक एकट्याने वाचू नकोस. मी वाचलं आणि आठवडाभर बोलायला माणूस शोधत होते. आपण दोघं बरोबर वाचू, दर रविवारी फोन.

धाकटा: चालेल. आधी ग्रीन.

मावशी: देते. बाकी यातून काय शिकायचं ते मी सांगणार नाही. एकदा एका मैत्रिणीला पुस्तकासोबत तशी चिठ्ठी दिली होती. तिने चिठ्ठी वाचली आणि पुस्तक परत दिलं.

आजी (ताईच्या फोनवरून): अक्षर मोठं आहे का?

मावशी: नाही गं. तुला मी वाचून दाखवीन.

*(पुढच्या शुक्रवारी, रात्री ११:४०)*

मामा: धाकट्याच्या आधी पुस्तक मी उचललंय. तो ओरडेल, त्याला कुणीतरी समजवा.

मामा: तुरुंगापर्यंत आलो. ती बोटं मोडणारी बाई…

मावशी: काय झालं?

मामा: काही नाही. पुढचं कुणी सांगू नका.