दादरा-नगर हवेलीचा हेगमधला खटला: भारत जिंकला की हरला?

वाटसरू:
‘हेगचं न्यायालय (आंतरराष्ट्रीय न्यायालय) म्हणजे वसाहतवाल्यांचा अड्डा’ असं म्हणताना पोर्तुगाल विरुद्ध भारत हा खटला हमखास पुढे केला जातो. निकाल म्हणतो, दमणहून भारतीय मुलखातून, तेव्हा पोर्तुगीज असलेल्या दादरा-नगर हवेलीत जायचा हक्क पोर्तुगालला होता. आणि भारताने काही बेकायदा केलं नाही असंही म्हणतो. दोन्ही एकदम खरं कसं? शिवाय न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करताना भारताने इतक्या अटी का घातल्यात?

सनदशीर:
१२ एप्रिल १९६० चा निकाल सुटा करून वाचा. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती: ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलिस, दारूगोळा यांना नव्हती: ८ विरुद्ध ७. आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली ती त्याच्या नियंत्रणाच्या अधिकारात बसते, कारण दादरा पोर्तुगीजांच्या हातून गेल्यावर लगतच्या भारतीय मुलखात तणाव होता: ९ विरुद्ध ६. पोर्तुगालला सत्ता परत बसवायची होती. त्यासाठी लागणारी सैन्याची वाटच मिळाली नाही.

खरी गंमत सनदांमध्ये आहे. पोर्तुगालचा दावा १७७९ च्या तहावर आणि १७८३ व १७८५ च्या मराठी सनदांवर उभा होता. न्यायालयाने मानलं की मराठ्यांनी वर्षाला १२,००० रुपयांच्या महसुलाची जहागीर, म्हणजे सरंजाम दिला होता, सार्वभौमत्व नाही. इथवर आपली बाजू भक्कम. पण पुढे इंग्रजांनी तिथली पोर्तुगीज सत्ता व्यवहारात मानली, स्वतंत्र भारतानेही ती मूकपणे मानली, म्हणून ती ग्राह्य! पेशव्यांनी जे दिलं नाही ते इंग्रजांच्या वागण्यातून मिळालं. टीका करायचीच तर इथे करा. दोन परक्या सत्तांमधल्या वहिवाटीने नव्या देशाचे हात बांधले जातात.

कलम छत्तीस:
अटींचं मूळ तारखांत सापडतं. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आला, १९ ला त्याने घोषणा करून न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं आणि २२ ला दावा लावला. त्या घोषणेची प्रत भारताला मिळायच्या आत! भारताने सहा प्राथमिक आक्षेप (दावा मुळात चालूच शकत नाही असे) घेतले. नोव्हेंबर १९५७ मध्ये चार फेटाळले गेले, दोन मूळ सुनावणीत ढकलले. घोषणा महासचिवांकडे दाखल झाली की लागू, असं न्यायालय म्हणालं.

म्हणून १९७४ च्या भारतीय घोषणेत अट आली: समोरच्या देशाने मान्यता देऊन १२ महिने झाले नसतील तर त्याचा दावा चालणार नाही. २०१९ च्या नव्या घोषणेतही ती आहे. राष्ट्रकुलातल्या देशांना वगळणारी अट वेगळी. १९९९ मध्ये पाडलेल्या पाकिस्तानी विमानाचा दावा तिच्यावरच अडला: २१ जून २०००, १४ विरुद्ध २.

लोक चुकतात ते पुढे. फक्त घोषणा तपासून ‘दार बंद आहे’ म्हणतात. एखाद्या करारातच हेगचं कलम असेल तर त्या दाराने जाता येतं. कुलभूषण जाधव प्रकरणात भारत व्हिएन्ना वाणिज्यदूत कराराच्या ऐच्छिक जोडकरारावरून गेला, म्हणून राष्ट्रकुलाची अट आडवी आली नाही.

पाणवठा:
सनदशीर, १९६० वर एवढा भर नको. आफ्रिका-आशियाचा विश्वास तुटला तो १९६६ मध्ये. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या नैऋत्य आफ्रिकेवरून (आजचा नामिबिया) इथिओपिया व लायबेरियाने तिला न्यायालयात खेचलं होतं. १९६२ मध्ये ८ विरुद्ध ७ ने दावा चालेल असं ठरलं. चार वर्षांनी ७-७ मतं पडली आणि अध्यक्ष पर्सी स्पेंडर यांच्या निर्णायक मताने ‘तुमचा कायदेशीर हितसंबंधच नाही’ म्हणून तो काढून टाकला. वर्णभेदावर अक्षर नाही.

उलट १९८६ मध्ये निकाराग्वा अमेरिकेविरुद्ध जिंकला. पण निकाल पाळला नाही तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ९४ नुसार सुरक्षा परिषदेकडे जायचं, आणि तिथे अमेरिकेचाच नकाराधिकार. तो वापरलाही गेला. त्यामुळे माझ्या मते दुखणं न्यायाधीशांपेक्षा अंमलबजावणीत जास्त आहे.

वाटसरू:
१९६० च्या ८ विरुद्ध ७ मध्ये भारताने नेमलेले न्यायाधीश म. क. चागलाही मोजले आहेत का?

सनदशीर:
हो. ज्या पक्षाचा न्यायाधीश पीठावर नसेल त्याला तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरता, न्यायाधीश नेमता येतो: न्यायालयाच्या संविधीचं कलम ३१. पोर्तुगालनेही नेमला होता, म्हणजे १३ नियमित अधिक २.