भूतानच्या एका रात्रीचे 1,200 रुपये: द्यायचे का?

कास्तकार दर्यापूरकर:
राजेहो, बडनेऱ्याहून हावडा, मंग हासिमारा, तिथून जयगाव. वेशीतून पाय टाकला की भूतान. आपल्याले व्हिसा नाही लागत, परमिटावर भागते. पण रात्रीचे माणशी 1,200 घेतात, शाश्वत विकास शुल्क म्हणून. आम्ही दोघं अन् 8 व 11 वर्षांचे दोन पोट्टे, पोट्ट्यायचे अर्धे. पाच रात्रीचे झाले 18,000! लॉज, जेवण, गाडी वेगळी. म्हणजे अडीच क्विंटल कापूस निस्ता झोपण्यात. कोरोनानंतर सप्टेंबर 2022 मध्ये दार उघडलं तवापासून हे सुरू झालं, आधी आपल्याले रुपया नव्हता. शेजारी म्हणता अन् पावती फाडता?

रिटायर मास्तर, अचलपूर:
फाडतात, पण सगळ्यांची सारखी नाही. जर्मन किंवा अमेरिकन माणूस रात्रीचे 100 डॉलर मोजतो, वर व्हिसाचे 40. 2022 मध्ये तर रात्रीचे 200 होते. आणि ताजमहालाच्या दारात आपण काय करतो? आपल्याला 50, परदेशी माणसाला 1,100. तेव्हा नाही खुपत! त्यांच्या राज्यघटनेतच आहे की 60 टक्के जमीन जंगलाखाली राहिली पाहिजे. जंगल विकायचं नाही, दवाखाना फुकट द्यायचा, तर पैसा कुठून तरी आणावाच लागेल.

कास्तकार दर्यापूरकर:
मास्तर, ताजचं तिकीट एकदाच लागते. हे रोज रात्री! हजाराच्या लॉजात राहणाऱ्याले 1,200 अन् महागड्या रिसॉर्टात लोळणाऱ्यालेही 1,200. थो आठवडाभर राहीन, आम्ही रात्री मोजू. घ्यायचेच तं खोलीच्या भाड्यावर घ्या ना.

मोहर्लीचा पोट्टा:
भाऊ, ताडोबाच्या गेटाजवळ घर हाये माझं. दिवस निघायच्या आधी इकडे जिप्स्यांची रांग लागते, अन् उन्हाळ्यात तिकडे आमची माय मोहफुलं वेचाले निघते, जीव मुठीत धरून. मले विचाराल तं भूतानवानी इथंही घ्या, 2,000 घ्या! पण गावाले किती आले ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. अन् स्वस्तात येणारा गरीबच असते हे कोणं सांगतलं? चिप्सची पाकिटं फेकून जाणारे मोठ्या गाड्यांतूनच येतात. गेल्या साली आमच्या गोऱ्ह्याच्या पोटातून ढोरडॉक्टरनं ओंजळभर प्लास्टिक काढलं.

अंजनगावची लेक:
शुल्कावर भांडताय, कागदं पाहिलीत का? आमच्या भाऊजींना एजंटने बिनधास्त सांगितलं, आधार चालतं. जयगावला लागून भूतानचं फुन्शोलिंग आहे, तिथल्या परमिटाच्या खिडकीवर मोठ्या माणसाला पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्रच लागतं. भाऊजी लॅमिनेट केलेलं आधार दोन्ही हातांनी काचेला लावून उभे. दोन दिवस जयगावात मोमो खाल्ले आणि परत! पोरांचा मूळ जन्मदाखला घ्या, झेरॉक्स नको.

कास्तकार दर्यापूरकर:
मास्तर, पटलं नाही मले अजून. तीन रात्री करतो, 10,800. पण ताई, आमच्या मंडळीच्या मतदार कार्डावर माहेरचंच आडनाव हाये. चालते का?

अंजनगावची लेक:
दादा, खिडकीवर वाद घालण्यापेक्षा मतदार कार्डाच्या दुरुस्तीचा फॉर्म 8 भरा. आजच.

कास्तकार दर्यापूरकर:
भरतो. मतदार यादीचं काम पाहणारी बीएलओ म्हणजे आमच्या अंगणवाडीची बाई. तिचंही सोयाबीन काढणीले आलं हाये, फोन उचलत नाही.