मदत हवी आहे: स्पर्श कळत नाही त्या पायांत आग, आणि खचत चाललेलं मन (मज्जारज्जूची इजा)

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४१, रत्नागिरी जिल्ह्यातला, धंद्याने वायरमन. २०२२ च्या मे महिन्यात घरच्याच आंब्याच्या कलमावर झेला (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन चढलो होतो. फांदी मोडली आणि खाली जांभ्या दगडाच्या गडग्यावर (कुंपणाच्या बांधावर) पाठीवर आलो. डी १२ चा, म्हणजे छातीमागच्या मणक्यांतला शेवटचा मणका फुटला. ऑपरेशन करून रॉड-स्क्रू टाकले. कमरेखाली हालचाल नाही, स्पर्श कळत नाही. लघवी दर चार तासांनी नळी घालून काढतो. त्यात आता हात बसलाय. सवय होत नाहीये ती पायांतल्या आगीची.

तळव्यांना कोणी हात लावला तर कळत नाही. पण रात्री घर निजलं की त्याच तळव्यांत निखारे ठेवल्यासारखं होतं. डाव्या पोटरीतून सर्रकन करंट जातो. धंद्यात २३० व्होल्टचे झटके खाल्लेत, त्यामुळे करंट हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. तो झटका हात सुटला की संपतो. हा मिनिटा-दोन मिनिटांनी परत येतो, रात्री दोन-अडीचपर्यंत. कधी कधी मोबाइलचा टॉर्च लावतो, पांघरूण बाजूला करतो आणि पायांकडे बघत राहतो. पाय थंडगार. वर मुंगीसुद्धा नसते. तरी बघितल्याशिवाय राहवत नाही.

गावात म्हणतात, दुखतंय म्हणजे पायात जीव येतोय, चांगली खूण आहे. पहिलं वर्षभर मीही तेच धरून बसलो. मग एका डॉक्टरांनी बायकोसमोर विचारलं, "संवेदना नाही म्हणता, मग दुखेल कसं?" तेव्हापासून घरात दुखण्याचं नाव काढायची मला लाज वाटते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावलं. मज्जारज्जूला इजा झाली तिथल्या आणि वरच्या पेशी बिथरतात, खालून काही आलं नाही तरी मेंदूकडे निरोप पाठवत राहतात. पाय ठीक असले तरी दुखणं खरंच असतं. मला ते लगेच पटलं. न्यूट्रल (परतीची तार) तुटला की घरातले दिवे कसे भगभगतात ते मी आयुष्यभर बघितलंय.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गेल्या पावसाळ्यात आईला माझं कण्हणं बघवलं नाही, तिने मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून टाचांना शेक दिला. मला काहीच कळलं नाही. सकाळी डाव्या टाचेवर पाण्याने भरलेला फोड, लिंबाएवढा. जखम भरायला अडीच महिने गेले. आई अजून माझ्या पायांना हात लावत नाही. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर कमरेखाली शेक, गरम पिशवी काहीही लावू नका.

औषध: प्रिगॅबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी), सकाळी ७५, रात्री १५० मिलिग्रॅम. आग साधारण निम्मी होते. पण सकाळी डोकं जड आणि पावलांना सूज. अमिट्रिप्टिलिन दिली होती. आधीच पोट साफ होत नाही, त्यात आठवडाभर तुंबलं, म्हणून बंद केली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मी ओटीवर येऊन बसणं सोडलंय. मुलगी सातवीत आहे. शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्या कॉटवर बसायची. ती बसली की गादी हलते आणि आग भडकते, म्हणून मी तिच्या यायच्या वेळेला डोळे मिटून पडतो. तिला वाटतं बाबा झोपलेत. हल्ली ती दारातूनच परत जाते. जेवण नकोसं, फोन नकोसा. सकाळ झालीच नाही तर बरं, असं वाटतं.

मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं तर भाऊ म्हणतो, "तू काय वेडा झालायस?" तोच भाऊ स्टेम सेलचं (मूळ पेशी टोचायच्या उपचाराचं) एक पत्रक घेऊन आलाय. त्यासाठी बाग पाच वर्षांच्या कराराने देऊन आगाऊ पैसे उचलायला तयार आहे.

कुणाची आग कमी झाली आहे का, आणि कशाने? मन खचल्याचं औषध यात चालतं का? आणि मुलीला काय सांगू?

प्रतिसाद

दादा, मी साताऱ्याकडचा, डी १०, बाइक अपघात, १४ वर्षं झाली. तुमचा टॉर्चचा प्रसंग वाचून थांबलो. मी पायाला हात लावून बघायचो.

आधी सरळ विचारतो, राग मानू नका. जीव द्यायचा विचार मनात येतो का? येत असेल तर आजच घरातल्या एका माणसाला सांगा, रात्री एकटे राहू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आगीबद्दल. आग अचानक वाढली की मी आधी शरीर तपासतो, कारण खालचं काही बिघडलं तर आपल्याला ते आगीच्याच रूपात कळतं. लघवी गढूळ किंवा वास येणारी आहे का, पोट तुंबलंय का, ढुंगणावर किंवा टाचेवर लाल चट्टा आहे का (आरसा वापरा), अंगठ्याचं नख मांसात गेलंय का. एकदा तीन आठवडे तळमळलो आणि निघालं लघवीचं इन्फेक्शन. स्पर्श जिथपर्यंत कळतो ती रेषा वर सरकायला लागली किंवा हातांत मुंग्या आल्या तर मात्र थांबू नका, एमआरआय लागतो. मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होऊ शकते.

प्रिगॅबालिन मनाने कधीही एकदम बंद करू नका. आणि डॉक्टरांना मनाची अवस्था सांगाच, कारण या औषधाने काहींचं मन आणखी खाली जाऊ शकतं. ड्युलोक्सेटिन हे नैराश्याचं औषध नसांच्या दुखण्यावरही देतात. मला त्याने फरक पडला. तुम्हाला चालेल का ते डॉक्टर ठरवतील, लघवीचा त्रास आहे हे आवर्जून सांगा. आग शून्य झाली नाही माझी. दहातली आठ होती, ती आता चारवर असते, आणि चारवर मी दुकान चालवतो.

प्रतिसाद

मी पेशंटची बायको. यांना नऊ वर्षं झाली.

तुमच्या भावाला सांगा, बाग हातची घालवू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, संशोधनाच्या चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. आम्ही पैसे भरून बसलो, म्हणून कळवळून सांगते. त्यापेक्षा मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत दाखवा. तुम्हाला जवळचं म्हणजे कोल्हापूरचं हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड, अपंगांच्या पुनर्वसनाचं केंद्र. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली उभं केलं, त्या स्वतः व्हीलचेअरवर. यांना तिथे नेलं तेव्हा चाकाच्या खुर्चीवरून भराभर कामं करणारी माणसं बघून हे परतीच्या गाडीत पहिल्यांदा भरपूर बोलले.

मुलीला खरं सांगा हो. सातवीतली पोर सगळं ओळखते. कॉटशेजारी एक खुर्ची ठेवा, तिची म्हणून. आणि बायकोलाही बोलतं करा. मी दोन वर्षं गप्प होते, ते दुखणं खोटं वाटत होतं म्हणून नाही. मला काही करता येत नव्हतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. प्रतिसाद काल रात्री बायकोला वाचून दाखवले. सातारकर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो आहे. दोनदा आला होता विचार. हे तिला कालच पहिल्यांदा सांगितलं. ती रडली, मग गादी ओढून खाली माझ्याशेजारी झोपली. आज सकाळी १४४१६ ला मीच फोन लावला, वीस-पंचवीस मिनिटं बोललो. गुरुवारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं आहे, भाऊच गाडी काढतोय.

नखं तपासली, ठीक आहेत. लघवी तपासायला दिली आहे.

खुर्ची ठेवली. मुलीने विचारलं, "आत्ता किती दुखतंय?" म्हटलं सहा. ती वही घेऊन बसली आणि तारीख टाकून सहा लिहिलं.

ताई, एक विचारायचं राहिलं. कोल्हापूरला जायला साडेतीन-चार तास गाडीत बसावं लागेल. एवढ्या वेळात बुडाला जखम होऊ नये म्हणून खाली काय घेता, आणि वाटेत किती वेळाने उचलून धरता?