निळूभाऊंना साच्यात कुणी अडकवलं?

पडदापुराण (धागाकर्ता)
निळू फुले म्हटलं की दहातले नऊ जण घोगरा आवाज काढून वाड्यावर बोलावतात. दहावा नुसती मान तिरकी करून बघतो. माणूस सेवादलाच्या कलापथकातून आलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात मनापासून असलेला. 1968 साली 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा गाजला आणि पुढे निर्मात्यांना पाटील, सरपंच, चेअरमन यांपलीकडे फारसं सुचलंच नाही.

हा सरळसरळ आळस होता. पुरावा म्हणजे 'सिंहासन' (1979). अख्खा सिनेमा मंत्र्यांचा, म्हणजे निळूभाऊंसाठी तयार खुर्च्या. जब्बार पटेलांनी त्या खुर्च्यांवर अरुण सरनाईक आणि डॉ. लागूंना बसवलं आणि निळूभाऊंना केलं पत्रकार दिगू टिपणीस. दिगू बघतो, ऐकतो, आतल्या आत कुढतो आणि शेवटी वेड लागल्यासारखा हसतो. ज्याला हे जमतं त्याच्याकडून वर्षानुवर्षं मिशीवर ताव मारून घेतला.

तिकीटबारी
असहमत. ग्रामीण सिनेमा जत्रेतल्या तंबूत चालायचा. मागे बसलेल्याला माणूस पडद्यावर येताक्षणी कळायला हवं, हा कोण. निर्मात्याला तेवढ्याचेच पैसे मिळतात. आणि हा माणूस आधी पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचा, हे विसरू नका. पाटलाने पोट भरलं म्हणून पुढचं सगळं झालं. शिवाय दिगूचा धक्का बसतो तो कशामुळे? आपण सरपंचाची वाट बघत बसलेलो असतो म्हणूनच ना!

पडदापुराण
म्हणजे 'सिंहासन'चं श्रेयही टुकार पाटलांना? धन्य आहात.

तिसरी घंटा
सिनेमा सोडा, रंगभूमीने त्यांना कधीच अडकवलं नाही. 1972 मध्ये 'सखाराम बाइंडर', पुढे 'सूर्यास्त'मधले अप्पाजी. एक रांगडा, एक गांधीवादी, दोन्ही त्यांचेच. नाटकाचा प्रेक्षक नट बघायला येतो, छाप बघायला नाही.

तिकीटबारी
हे काशिनाथ घाणेकरांच्या प्रेक्षकांना सांगा. 'अश्रूंची झाली फुले'मधल्या लाल्यासाठी थिएटर डोक्यावर घेणारे नाटकवालेच होते. त्याआधी संभाजी केला होता, तरी लोकांना हवा होता लाल्याच. आपली रंगभूमी पवित्र वगैरे मानायची फार सवय झालीय आपल्याला.

खाष्ट_पण_गोड
पुरुषांना निदान एक दिगू तरी मिळतो. ललिता पवार बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातली नायिका. 1942 मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा बारीक राहिला. मग तो डोळाच भांडवल ठरला: सासू, सावत्र आई, शेवटी दूरदर्शनवरची मंथरा. 'अनाडी'त (1959) घरमालकीण मिसेस डिसा केली, वरून फटकळ आणि आतून माया. त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. त्यानंतर रांग लागायला हवी होती ना अशा भूमिकांची? लागल्या त्या पुन्हा सासवाच. पुरस्काराने साचा तुटत नाही, हे ज्यांना पटत नाही त्यांनी तिच्या पुढच्या भूमिका बघाव्यात.

तिसरी घंटा
+1. इथे माझ्याकडे उत्तर नाही.

मागची_रांग
सगळे गृहीत धरताय की पाटील एकच होता. 'सामना'तला हिंदूराव धोंडे पाटील बघा. दारुड्या मास्तरला घरात ठेवून घेतो, त्याच्या दारूची सोय करतो, पाहुणचारात कसर ठेवत नाही आणि मारुती कांबळेचं काय झालं या एका प्रश्नाने आतून पोखरत जातो. झेलेअण्णा इरसाल, गावच्या भानगडींवर जगणारा. हिंदूराव सहकारातला सत्ताधीश, त्याला ओरडायची गरजच नाही. दोघांचं चालणंसुद्धा वेगळं. एकसारखे केले ते मिमिक्रीवाल्यांनी. निर्मात्यांइतकाच त्यांच्यावरही खटला चालवा.

पडदापुराण
हिंदूराव मान्य, पण तिथे तेंडुलकरांची लेखणी होती. बाकीच्या गावगन्ना पाटलांचं काय? त्यांतल्या एकाचं तरी नाव आठवतं तुम्हाला?

मागची_रांग
नाव नाही आठवत. बघितलेत मात्र सगळे.

तिकीटबारी
तिकीट काढून.